फुफ्फुसाची शिल्लक

हृदयातून निघालेल्या रक्तात प्रत्येक अवयवाचा आपापला वाटा असतो. मेंदूला काही, मूत्रपिंडांना काही, आतड्यांना काही. फुफ्फुसाचं तसं नाही. हृदयाच्या उजव्या निलयातून बाहेर पडलेलं सगळंच्या सगळं रक्त फुफ्फुसातूनच जातं, त्याला दुसरी वाट नाही. स्वस्थ बसलेल्या माणसात हे मिनिटाला साधारण 5 लिटर भरतं. तोच माणूस डोंगर चढू लागला की 15 लिटर, आणि कसलेल्या धावपटूत 25 ते 30 लिटर. आता दाबाकडे पाहा. दंडाला पट्टा बांधून डॉक्टर मोजतात तो दाब 120/80. फुफ्फुस धमनीतला दाब साधारण 25/10, सरासरी 15 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास. एवढ्याशा दाबावर तेवढंच रक्त पुढे सरकतं.

दाब कमी असायलाच हवा. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये जो पडदा आहे त्याची जाडी कित्येक ठिकाणी अर्धा मायक्रॉनही नसते. दाब वाढला की त्यातून पाणी पाझरणार आणि माणूस स्वतःच्याच रक्तद्रवात गुदमरणार. साधा हिशेब केला तर रक्त पाचपट झाल्यावर दाबही पाचपट व्हायला हवा. मग मॅरेथॉन धावणाऱ्याचं फुफ्फुस पाण्यानं का भरत नाही? या एका प्रश्नाचं उत्तर मिळवायला विसाव्या शतकातली साडेतीन दशकं लागली. त्यासाठी एका डॉक्टरनं आपल्याच हाताची शीर कापली, आणि न्यूयॉर्कमधल्या कितीतरी अनाम रुग्णांनी हृदयात नळी असताना पाय चालवले.

रक्ताचा मार्ग तसा जुनाच ठाऊक होता. हृदयाच्या मधल्या पडद्याला छिद्रं आहेत आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं, असं प्राचीन काळचा ग्रीक वैद्य गेलन सांगून गेला होता आणि हजार वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता. 1242 साली इब्न अल-नफीस या दमास्कसजवळ जन्मलेल्या वैद्यानं स्पष्ट लिहिलं की पडद्याला छिद्र नाही, रक्त फुफ्फुसातूनच फिरून येतं. ते हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात पडून होतं आणि 1924 मध्ये अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरच्या नजरेस पडलं. तोवर युरोपात 1553 मध्ये सर्व्हेटस, 1559 मध्ये कोलंबो आणि 1628 मध्ये हार्वी हे सगळं नव्यानं सांगून मोकळे झाले होते. 1661 मध्ये बोलोन्याच्या माल्पीगीनं बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि मार्गातला शेवटचा दुवा जुळला.

पण मार्ग कळला म्हणजे वाहतूक कळली असं नाही. किती रक्त, किती दाबानं, विश्रांतीत किती आणि श्रमात किती, यातलं काहीच माहीत नव्हतं. छाती उघडावी तर श्वास थांबतो, आणि मग जे मोजायचं तेच बदलून जातं.

रक्त किती वाहतं हे मोजण्याची युक्ती मात्र 1870 मध्येच सुचली होती. वुर्झबर्गच्या आडोल्फ फिकनं तिथल्या वैद्यकीय मंडळापुढे एक छोटंसं टिपण मांडलं. माणूस मिनिटाला 250 मिलिलिटर ऑक्सिजन घेतो असं समजा. फुफ्फुसात शिरणाऱ्या एक लिटर रक्तात 150 मिलिलिटर ऑक्सिजन आहे आणि बाहेर पडणाऱ्या एक लिटरमध्ये 200. म्हणजे प्रत्येक लिटरनं 50 मिलिलिटर उचलला. तर 250 उचलायला 5 लिटर रक्त गेलं असणार. फिकनं हे स्वतः माणसावर कधी करून पाहिलं नाही, कारण अडचण उघड होती. बाहेर पडणारं रक्त मनगटाच्या धमनीतून काढता येतं. शिरणारं रक्त, म्हणजे सगळ्या शरीरातून परतून एकत्र मिसळलेलं रक्त, फक्त हृदयाच्या उजव्या भागात आणि फुफ्फुस धमनीत मिळतं. तिथं पोचणार कसं? हे गणित साठ-सत्तर वर्षं कागदावरच राहिलं.

1929 मध्ये बर्लिनच्या ईशान्येला एबर्सवाल्ड या गावातल्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान हा पंचविशीतला डॉक्टर उमेदवारी करत होता. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेच्या शिरेतून हृदयात नळी घातल्याचं चित्र त्यानं पाहिलं होतं, आणि ते त्याच्या डोक्यातून जाईना. जीव जात असलेल्या रुग्णाच्या छातीत सुई खुपसण्याऐवजी हाताच्या शिरेतून थेट हृदयात औषध पोचवता येईल, असं त्याला वाटत होतं. त्यानं स्वतःवर प्रयोग करायला वरिष्ठांनी सपशेल नकार दिला.

पुढची हकीगत त्याच्याच आत्मचरित्रातली. निर्जंतुक हत्यारांच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे होत्या. त्यानं तिला प्रयोग इतका पटवून दिला की तीच म्हणाली, माझ्यावर करा. त्यानं तिला टेबलावर झोपवलं, हातपाय पट्ट्यांनी बांधले, तिच्या हाताला आयोडीन लावलं, आणि बाजूला सरून आपल्याच डाव्या कोपराच्या खोबणीत भूल देऊन शीर उघडली. मूत्रवाहिनीत घालायची बारीक रबरी नळी त्यानं त्या शिरेत सरकवली. हातभर नळी आत गेल्यावर त्यानं तिला सोडवलं आणि सांगितलं, क्ष-किरण खोलीला कळव. तिला तेव्हा कळलं की प्रयोग आपल्यावर झालेलाच नाही. दोघं जिन्यानं खाली उतरली, नळी त्याच्या हातातून लोंबत होती. खाली एका सहकाऱ्यानं ती उपसून काढण्याचा प्रयत्न केला, तर फोर्समाननं त्याला हुसकून लावलं. मग परिचारिकेनं पडद्यासमोर आरसा धरला आणि त्यात बघत बघत त्यानं नळी पुढे ढकलली. 65 सेंटिमीटर आत गेल्यावर टोक उजव्या अलिंदात, हृदयाच्या वरच्या कप्प्यात, दिसलं. त्यानं फोटो काढून घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो लेख छापून आला.

आज नाशिकला किंवा कोल्हापूरला कुणाची अँजिओग्राफी होते तेव्हा त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल पडत असतं. फोर्समानच्या वाट्याला मात्र कौतुक आलं नाही. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातून त्याला काढून टाकलं आणि अखेर तो मूत्रविकारांकडे वळला. 1932 मध्ये तो नाझी पक्षात गेला, हेही त्याच्या चरित्रातून वगळता येणार नाही. त्याचं धाडस खरं होतं आणि ही निवडही त्याचीच होती. दोन्ही गोष्टी तशाच नोंदवायला हव्यात.

नळीचं मोल ओळखलं अटलांटिकच्या पलीकडे दोघांनी. आन्द्रे कूर्नांड पॅरिसचा, 1930 मध्ये न्यूयॉर्कला आलेला. डिकिन्सन रिचर्ड्स अमेरिकेतलाच. दोघंही 1895 साली जन्मलेले. बेलव्ह्यू हे न्यूयॉर्क शहराचं सार्वजनिक रुग्णालय, ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांचं. तिथल्या छातीच्या विभागात दोघं दम्याच्या आणि जुनाट फुफ्फुसविकारांच्या रुग्णांमध्ये अडकलेले होते. हृदय, फुफ्फुस आणि रक्त मिळून एकच यंत्रणा आहे, सुटं सुटं मोजून ती कळणार नाही, असं रिचर्ड्स धरून होता. फिकच्या समीकरणातला हरवलेला आकडा ते इतके दिवस रुग्णाला पिशवीत श्वास घ्यायला लावून अंदाजानं काढत होते, आणि तो आकडा विश्वासाचा नव्हता. फोर्समानची नळी हे त्याचं उत्तर होतं. आधी त्यांनी कित्येक वर्षं प्राण्यांवर हात बसवला. मग 1940-41 मध्ये कूर्नांड आणि हिल्मर्ट रेंजेस यांनी माणसाच्या उजव्या अलिंदात नळी ठेवून रक्त काढलं. नळी तासन् तास राहिली तरी अपाय होत नाही, हे सिद्ध झालं. महायुद्धाच्या काळात त्यांनी अपघातात रक्त गेलेल्या, भाजलेल्या शंभरावर रुग्णांचा रक्तप्रवाह मोजला. दशक संपायच्या आत नळीचं टोक उजव्या निलयातून पुढे सरकून फुफ्फुस धमनीत पोचलं होतं.

1948 मध्ये रिचर्ड रायली, हिमेलस्टाइन, मॉटली, कूर्नांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध छापला. विश्रांतीत आणि श्रमात फुफ्फुसातलं रक्ताभिसरण कसं चालतं, निरोगी माणसात कसं आणि जुनाट फुफ्फुसविकाराच्या रुग्णात कसं, हाच त्याचा विषय. माणूस टेबलावर उताणा पडलेला, एका शिरेतून फुफ्फुस धमनीपर्यंत गेलेली नळी, धमनीत सुई, तोंडात मुखनळी, सोडलेला श्वास गोळा होतोय, आणि अशा अवस्थेत त्यानं पायांनी व्यायाम करायचा. आधी निजल्या निजल्या मोजणी, मग श्रम करताना. त्या टेबलावर निजलेल्यांची नावं कुठल्याही निबंधात नाहीत. आज जे आपण निश्चितपणे सांगू शकतो ते या लोकांच्या अंगावर मोजलेलं आहे.

निरोगी माणसांत जे दिसलं ते पाहणाऱ्यांना थक्क करणारं होतं. हलक्या व्यायामात रक्तप्रवाह चांगला वाढला, आणि फुफ्फुस धमनीतला दाब जवळजवळ होता तिथंच राहिला. प्रवाह वाढला आणि दाब वाढला नाही, याचा अर्थ एकच होतो. वाटेतला विरोध कमी झाला, फुफ्फुस आतून मोकळं झालं. एम्फिसिमा या जुनाट फुफ्फुसविकाराच्या रुग्णांत असं झालं नाही. त्यांचे पाय हलू लागताच दाब चढला.

मग आणखी थेट पुरावा आला. क्षयासाठी किंवा गाठीसाठी ज्यांचं एक अख्खं फुफ्फुस काढलं होतं अशा रुग्णांना कूर्नांडच्या चमूनं तपासलं. 1950 मध्ये त्यांनी दाखवलं की राहिलेलं एक फुफ्फुस चांगलं असेल तर विश्रांतीत ते दोघांचं रक्त एकटं पेलतं आणि दाब फारसा चढत नाही. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या कार्लेन्स, हान्सन आणि नॉर्डेनस्ट्रम यांनी नळीच्या टोकाला फुगा लावून एका बाजूची फुफ्फुस धमनी थोडा वेळ बंद केली. सगळं रक्त दुसऱ्या बाजूला वळलं आणि त्या बाजूनं ते सामावून घेतलं. म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाचं फुफ्फुस आपली पुष्कळशी जागा वापरतच नाही. ती शिल्लक असते.

आणि त्या शिलकेचा गैरफायदा आजार घेतो. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या हळूहळू निकामी होत असल्या तरी निम्म्याहून अधिक जाईपर्यंत विश्रांतीतला दाब जेमतेम बदलतो. माणूस तपासणीच्या टेबलावर निजला की सगळं ठीक. जिना चढला की दम. अशा किती जणांना, आणि त्यातही किती बायकांना, वजन कमी करा, स्टॅमिना वाढवा, मनाचे खेळ आहेत, असं ऐकावं लागलं असेल! बेलव्ह्यूच्या चमूनं श्रमात मोजण्याचा हट्ट धरला तो किती योग्य होता, हे इथं कळतं.

शिल्लक नेमकी असते कुठे? हे सांगितलं लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयानं. तिथं वैद्यकीय कामासाठी बांधलेला सायक्लोट्रॉन 1955 पासून चालू होता आणि त्यातून ऑक्सिजन-15 हा किरणोत्सर्गी वायू मिळे. त्याचं आयुष्य अगदी थोडं, दोन मिनिटांत निम्मा संपतो, म्हणून तो यंत्राच्या शेजारीच वापरावा लागे. ॲडलेडहून आलेला जॉन वेस्ट आणि कॉलिन डॉलरी यांनी 1960 मध्ये या ऑक्सिजननं खूण केलेला कार्बन डायऑक्साइड बसलेल्या माणसाला एक श्वासभर दिला आणि श्वास रोखून धरायला सांगितलं. छातीवर वरपासून खालपर्यंत किरण मोजणारी यंत्रं लावली होती. जिथं रक्त वाहतं तिथून हा वायू रक्तात विरघळून झपाट्यानं निघून जातो. फुफ्फुसाच्या तळाशी आकडा भराभर उतरला. जसजसं वर जावं तसतसा सावकाश. शेंड्याशी जवळजवळ उतरलाच नाही.

बसलेल्या माणसाच्या फुफ्फुसाचा वरचा भाग हवा घेतो, पण रक्त त्याच्या वाट्याला नावापुरतं येतं. कारण सरळ आहे. शेंडा हृदयाच्या साधारण 15 सेंटिमीटर वर असतो. तेवढ्या उंचीवर रक्त चढवायला 11 मिलिमीटर पाऱ्याचा दाब खर्ची पडतो. सरासरी 15 मधून 11 गेले, उरले 4. हृदय सैलावतं तेव्हा दाब 10 वर येतो, म्हणजे शेंड्याशी काहीच उरत नाही. नाजूक केशवाहिन्या आजूबाजूच्या हवेच्या दाबानं मिटून जातात. हृदयाच्या ठोक्याचा जोर असेल तेवढ्यापुरत्या उघडतात. 1964 मध्ये वेस्ट, डॉलरी आणि नायमार्क यांनी कुत्र्याच्या बाहेर काढलेल्या फुफ्फुसावर हे दाब कमीजास्त करून सिद्ध केलं. शेंड्याशी हवेचा दाब वरचढ. मधल्या पट्ट्यात प्रवाह धमनी आणि हवा यांच्या दाबातल्या फरकावर ठरतो. बंधाऱ्यावरून पाणी किती पडेल हे माथ्यावर किती चढलं त्यावर असतं, खाली पातळी किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, तसाच हा पट्टा. आणि तळाशी वाहिन्या सतत उघड्या आणि भरलेल्या.

व्यायाम केला की हॅमरस्मिथच्या यंत्रांवर चित्र पालटलं. शेंड्यातला प्रवाह वाढला, वर-खाली फरक कमी झाला. दाब थोडा चढताच मिटलेल्या वाहिन्या एकामागून एक उघडल्या. 1969 मध्ये वेस्टच्याच चमूनं कुत्र्यांची फुफ्फुसं क्षणात गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा दुसरीही गोष्ट दिसली. दाब वाढला की आधीच उघड्या असलेल्या केशवाहिन्या रुंदावतात. आधी नव्या वाटा उघडायच्या, मग असलेल्या रुंद करायच्या, या दोन युक्त्यांवर फुफ्फुस पाचपट रक्त पेलतं. विश्रांतीत केशवाहिन्यांत कुठल्याही क्षणी 70-80 मिलिलिटर, म्हणजे वाटीच्या तळाशी राहील एवढंच रक्त असतं. जोराच्या श्रमात ते 200 च्या घरात जातं. हे महत्त्वाचं आहे. रक्तपेशीला वायुकोशाशेजारी स्वस्थ माणसात साधारण पाऊण सेकंद मिळतो. प्रवाह पाचपट होऊनही वाटच एवढी रुंदावल्यामुळे ती वेळ पाव सेकंदाच्या खाली फारशी जात नाही, आणि ऑक्सिजन भरून घ्यायला निरोगी माणसात तेवढी पुरते.

क्षयाची छाया एक्स-रेमध्ये बहुतेकदा वरच्या भागातच का दिसते, हा जुना प्रश्नही इथं उलगडला. वर हवा आहे, पण रक्त थोडं, म्हणून तिथल्या वायुकोशात ऑक्सिजन जास्त साचतो, आणि क्षयाच्या जंतूला ऑक्सिजन आवडतो. अमेरिकेतल्या विल्यम डॉक यांनी 1946 मध्येच असं सुचवलं होतं की क्षयरोग्याला आडवं निजवण्याचा गुण या रक्तप्रवाहातच असावा. आपल्याकडे सॅनेटोरियममध्ये महिनोन् महिने निजून काढलेल्या पिढीला त्या निजण्याचा गुण कशात असावा, हे कुणी सांगितलं नसेल.

1946 मध्येच स्टॉकहोमला फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांत दाखवलं होतं की ऑक्सिजन कमी झाला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. शरीरात इतरत्र याच्या उलट होतं. पुढच्या वर्षी मॉटली आणि कूर्नांड यांनी माणसाला 10 टक्के ऑक्सिजनची हवा दिली तर फुफ्फुस धमनीचा दाब चढतो हे नळीनं मोजलं. एखाद्या कोपऱ्यात हवा पोचत नसेल तर तिथलं रक्त दुसरीकडे वळवण्याची ही सोय. पण सगळीच हवा विरळ असेल तर वळवायला जागा कुठे आहे? 1962 च्या युद्धानंतर मैदानी मुलखातले जवान विमानानं थेट लडाखला उतरू लागले आणि साडेतीन हजार मीटरवर, विशेषतः पोचल्यापोचल्या कष्टाचं काम केलेल्यांच्या फुफ्फुसात पाणी भरू लागलं. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि मेनन यांनी 1965 मध्ये हे आजारी जवान जगापुढे मांडले. मेनन यांच्या निबंधात 101 रुग्ण होते. हृदयाची डावी बाजू ठणठणीत आणि फुफ्फुस धमनीचा दाब प्रचंड, असं नळी घालून पाहिल्यावर कळलं. लेहला उतरल्यावर पहिले दिवस विश्रांती घेण्याचा दंडक आज पर्यटकालाही सांगितला जातो, त्याच्यामागे या जवानांचे प्राण आहेत.

दरम्यान 1956 चं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक कूर्नांड, रिचर्ड्स आणि फोर्समान यांना मिळून देण्यात आलं. फोर्समान तेव्हा बाड क्रॉइत्सनाखला मूत्रविकारांचा डॉक्टर होता.

त्यानंतरची हकीगत एका आकड्याची आहे. साठच्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत अमिनोरेक्स हे भूक मारणारं औषध घेणाऱ्यांत फुफ्फुस धमनीचा दाब जीवघेणा वाढू लागला. म्हणून 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जिनिव्हाला तज्ज्ञ जमवले आणि आजाराची सीमा ठरवली. विश्रांतीत सरासरी 25 च्या वर. श्रमासाठी 30 च्या वर अशी सीमा रूढ होती. विश्रांतीचा आकडा पुष्कळ वर्षं टिकला. श्रमाचा अडखळला. 2009 मध्ये कोव्हाक्स आणि सहकाऱ्यांनी 47 अभ्यासांतल्या 1,187 निरोगी माणसांच्या नोंदी एकत्र केल्या. विश्रांतीत सरासरी 14 निघाला, पण पन्नाशीपुढच्या कितीतरी धडधाकट माणसांचा दाब व्यायामात 30 ओलांडत होता. एका आकड्यानं तरुण खेळाडू आणि साठीचा माणूस दोघांना मोजणं चुकीचं होतं. श्रमाची व्याख्याच यादीतून काढून टाकली गेली, आणि ज्यांचा आजार फक्त श्रमात दिसतो त्यांना काही वर्षं नावही उरलं नाही.

मला हे फार खटकतं. रायली आणि कूर्नांड यांनी 1948 मध्ये नुसता दाब पाहिला नव्हता, त्यासोबत प्रवाह किती वाढला हेही पाहिलं होतं. तेच सूत्र 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत परतलं. विश्रांतीची सीमा आता 20 वर आणली आहे, आणि श्रमात पाहायचं ते असं की रक्तप्रवाह मिनिटाला एक लिटरनं वाढला तर दाब किती मिलिमीटरनं चढतो. 3 च्या आत असेल तर फुफ्फुसाजवळ अजून शिल्लक आहे. 3 च्या वर गेला तर रुग्ण खुर्चीत कितीही स्वस्थ दिसो, डॉक्टरनं पुढचा शोध घ्यायचा.